किती फुटावर आलं?

सांगलीत पावसाळा भरात आला की दिवस एका प्रश्नानं उजाडतो. चहाच्या गाड्यावर, मंडईत, बँकेच्या रांगेत, पुण्याला दिलेल्या लेकीच्या सकाळच्या फोनवर सगळीकडे एकच विचारणा असते, "किती फुटावर आलं?" काय आलं, कुठं आलं, हे सांगावं लागत नाही. कृष्णामाई आली, आयर्विन पुलापाशी आली.

हा पूल १९२९ सालचा. त्याच्या दगडी खांबावरच्या पट्टीवर फूट रंगवलेले आहेत. ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतं. पण या दोन सरकारी आकड्यांच्या खाली-वर शहराचे आणखी शेकडो आकडे आहेत आणि ते कुठल्याही फलकावर नाहीत. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर या वस्त्यांमधल्या बाईला आपल्या दारात पाणी कितव्या फुटाला येतं ते तोंडपाठ असतं. बाजारपेठेतला दुकानदार आपल्या फुटाचा हिशेब लावून माल माळ्यावर चढवतो. आमच्या घराचा आकडा ४८. पूल ४५ म्हणाला की आई गहू-तांदळाचे डबे उचलायला लागते.

हा प्रश्न विचारून झाला की पूर्वी लोक पुलावर जाऊन पाहून यायचे. आता उत्तर मोबाइलवर येतं. ते तिथवर येतं कसं, कुठून निघतं आणि मध्ये किती यंत्रांच्या हातून जातं, हे शोधायला मी निघालो. पाटण तालुक्यातल्या डोंगरापासून सांगलीच्या घाटापर्यंत नदीच्या कडेकडेनं येताना ध्यानात आलं की पाण्याचं मोजमाप ही यातली एक बाजू झाली. उसाच्या शेतातली मोटर, तासगावची द्राक्षबाग आणि भिलवडीचा गोठाही आज याच पद्धतीनं तारेशिवाय बोलतो आहे. यंत्राला यंत्र आणि त्या यंत्राला मोबाइलमधलं ॲप जोडून देणाऱ्या ज्या इंटरनेट सेवा असतात, त्यांना जगभर 'हुशार' म्हणायची रीत पडली आहे. ती हुशारी नेमकी कशात असते, हे साताऱ्या-सांगलीच्या नदीकाठाइतकं स्पष्ट क्वचितच कुठं दिसेल.

नवजाचा पाऊस, सांगलीचा उंबरा

कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वर ही तीन नावं पावसाळ्यात आमच्याकडच्या वर्तमानपत्रांत रोज छापून येतात. कोयना धरणाच्या पाणलोटातला पाऊस या तीन ठिकाणांवरून सांगितला जातो. धरणाची साठवण १०५.२५ टीएमसी. धरणातून सुटलेलं पाणी कऱ्हाडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि दिवसभराच्या आसपास प्रवास करून सांगलीत पोचतं. सांगलीच्या खालच्या अंगाला हरिपूरला चांदोली धरणाकडून आलेली वारणा मिळते; ती फुगली की कृष्णेचं पाणीही मागं तुंबतं. म्हणजे सांगलीच्या पुलावरचा आकडा हा नुसता सांगलीचा नसतो. महाबळेश्वर, पाटण, शिराळा या सगळ्या मुलखातल्या पावसाची बेरीज त्या एका पट्टीवर उतरते.

ही बेरीज पूर्वी माणसं करत. पहाटेच्या अंधारात कर्मचारी छत्री सावरत पर्जन्यमापकाकडे जायचा, साठलेलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचा, डोळ्याच्या रेषेत धरून मिलिमीटर वाचायचा आणि वहीत लिहायचा. मग वायरलेसवर किंवा फोनवर तो आकडा कचेरीत सांगायचा. समोरचा तो पुन्हा लिहून घ्यायचा. लाइन खरखरली तर पन्नासचे साठ व्हायचे. तरीही अनेक दशकं धरणाची दारं याच वहीच्या भरवशावर उघडली आणि मिटली. त्या माणसांचं ऋण विसरून चालणार नाही.

आज त्याच कामासाठी टेकडीवर एक लहानसा नरसाळ्याचा डबा असतो. नरसाळ्याखाली सी-सॉसारख्या जोडलेल्या दोन इवल्या वाट्या असतात. एक वाटी ठरलेल्या मापानं भरली की कलंडते आणि दुसरी तिच्या जागी येते. प्रत्येक कलंडण्याला एक विद्युत ठोका पडतो. ठोके मोजले की पाऊस मोजला. नदीवरच्या केंद्रात पुलाच्या कठड्याला खाली तोंड करून रडार बसवलेलं असतं. ते लहरी सोडतं, पाण्यावरून त्या परत यायला किती वेळ लागला ते मोजतं आणि त्यावरून पातळी काढतं. पाण्याला त्याचा स्पर्श होत नाही, त्यामुळं पुरात वाहून येणाऱ्या ओंडक्यांनी ते मोडत नाही. शेजारी सौर पॅनल, खाली बॅटरी, आणि मोबाइलच्या किंवा उपग्रहाच्या वाटेनं आकडा पाठवणारी एक पेटी. जलसंपदा विभागानं जागतिक बँकेच्या साहाय्याच्या जलविज्ञान प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांत अशी केंद्रं उभारली. त्यांच्या आकड्यांवरून नदीच्या प्रवाहाचा पुढचा अंदाज काढणारी प्रणाली डेन्मार्कच्या डीएचआय या संस्थेच्या मदतीनं तयार झाली.

टेकडीवरच्या पेटीजवळ ना भरपूर वीज असते ना धड रेंज. तिनं थोडक्यात बोलावं लागतं. तेलाच्या पाइपलाइनवर लक्ष ठेवताना हीच अडचण आली, तेव्हा १९९९ साली आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लन निपर यांनी एमक्यूटीटी नावाची संदेशांची एक काटकसरी पद्धत बसवली. आज जगातली अगणित यंत्रं ती वापरतात. तिची रचना सांगलीकराला समजावून सांगायला मार्केट यार्ड पुरे. शेतकरी हळद घेऊन अडत्याकडे येतो, व्यापारीही अडत्याकडेच येतो. दोघांनी एकमेकांना ओळखण्याची गरज नसते. इथं यंत्र आपला आकडा मधल्या सर्व्हरकडे टाकून मोकळं होतं आणि ज्याला हवा त्यानं नाव नोंदवलेलं असलं की त्याच्याकडे तो आपोआप जातो. या सर्व्हरला तांत्रिक भाषेतही ब्रोकर म्हणतात, म्हणजे अडत्याच.

दुसरी सोय एपीआयची. ती कचेरीतल्या खिडकीसारखी. ठरलेल्या नमुन्यात अर्ज टाकला की ठरलेल्या नमुन्यात उत्तर मिळतं. आत कागद कुठल्या कपाटात आहे, याची चौकशी बाहेरच्यानं करायची नसते. नदीच्या आकड्याला अशी खिडकी असली तर तोच आकडा धरणाच्या कार्यालयाला, महापालिकेला, वर्तमानपत्राला आणि एखाद्या हौशी तरुणाच्या ॲपला एकाच वेळी मिळू शकतो.

इथवर सगळं ठीक. पण नवजाचा पाऊस मिलिमीटरमध्ये, धरणाचा साठा टीएमसीत, विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला किती घनफूट त्यात, आणि आईला हवंय ते फुटांत. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. सुमारे ११,५७४ क्युसेक पाणी अखंड चोवीस तास सोडलं तर एक टीएमसी भरतं. पन्नास हजार क्युसेकचा विसर्ग दिवसभर राहिला तर धरणातून सव्वाचार टीएमसीहून जास्त पाणी खाली येतं. हा हिशेब अभियंत्याला रोजचा आहे. दत्तनगरातल्या बाईला त्याचा उपयोग तेव्हाच, जेव्हा कुणी सांगेल की उद्या रात्री तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पाणी येईल. यंत्राचं बोलणं माणसाच्या प्रश्नापर्यंत आणून पोचवणं, हाच या सगळ्या साखळीतला अवघड दुवा.

वारणेनं आधीच शिकवलं होतं

हा धडा आमच्या शेजारी कितीतरी वर्षांपूर्वीच गिरवला गेला. १९९८ साली वारणानगरच्या सहकारी परिसरात 'वायर्ड व्हिलेज' नावाचा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली लागून असलेली सत्तर गावं त्यात होती. गावोगावी संगणक बसले. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी योजना, शिक्षण असं सगळं त्यातून शेतकऱ्याच्या दारी येईल, अशी मोठी आशा होती. त्या काळात इंटरनेट म्हणजे शहरातही अपूर्वाईची गोष्ट.

पुढं मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधन केंद्रातले अभ्यासक तिथं आले. त्यांना दिसलं की संगणकापाशी शेतकरी येतो तो बहुतेक वेळा उसाच्या कामासाठी. माझा ऊस किती भरला? तोड कधी? खत किती मिळालं? मग त्यांनी एक साधा बदल केला. सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवला आणि एसएमएसवर हीच माहिती द्यायला सुरुवात केली. कारखान्याच्या बाजूला एका संगणकाला जोडलेला फोन आलेला संदेश वाचायचा, आकडा शोधायचा आणि उत्तर पाठवायचा. २००६-०७ च्या सुमारासचा हा प्रयोग 'वारणा अनवायर्ड' म्हणून अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. लोकांना तो आवडला आणि खर्चही कमी आला.

मला या गोष्टीत आपल्या भागाचं शहाणपण दिसतं. सत्तर गावांना जगाची माहिती देऊ केली होती. गावांनी त्यातून आपल्या उसाचं वजन तेवढं निवडलं, कारण वर्षाचा संसार त्या वजनावर होता. त्यांचा प्रश्न ओळखल्यावर महागड्या यंत्राची गरजही उरली नाही. आज कारखान्याच्या काट्यावर गाडी चढली की वजन शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतं, त्यामागं तीच मागणी आहे. काट्यावरचा आकडा आपल्या डोळ्यांसमोर यावा, ही ऊसकऱ्याची जुनी मागणी म्हणजे विश्वासाचा प्रश्न होता. एसएमएस हे त्याचं एक उत्तर झालं.

रात्रीची मोटर

वाळवा तालुक्यात माझ्या मामांची उसाची शेती. मोटर नदीकाठी, घरापासून दोन किलोमीटरवर. शेतीची थ्री फेज वीज पाळीपाळीनं येते, एका आठवड्यात दिवसा तर पुढच्या आठवड्यात रात्री. माझ्या लहानपणी रात्रपाळी आली की मामा घोंगडी आणि बॅटरी घेऊन निघायचे. वाटेत विंचू-काटा, उसात साप, आणि आता तर कऱ्हाड-शिराळ्याच्या पट्ट्यात बिबट्याही. जाऊन पाहावं तर लाइटच नाही. मग मोटरघराच्या पायरीवर बसून तिची वाट पाहायची. शेतकऱ्याचं रात्रीचं हे जागरण कुठल्याही हिशेबात धरलं जात नाही.

या दुखण्यावर पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी शोधलेलं औषध आता देशभर माहीत आहे. त्यांच्या 'नॅनो गणेश' या यंत्रात मोबाइल मोटरच्या स्टार्टरला जोडला जातो. शेतकऱ्यानं घरून फोन लावायचा, ठरलेली बटणं दाबायची. प्रत्येक बटणाचा सूर वेगळा, तो सूर ओळखून पेटी मोटर चालू किंवा बंद करते. त्याच्याही आधी ती सांगते की तिथं वीज आहे की नाही. २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत या कल्पनेला पुरस्कार मिळाला. मला मात्र त्यातलं 'आधी वीज आहे का ते सांग' हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. दोन किलोमीटर चालून अंधार पाहायला जाणाऱ्या माणसाचा तो खरा प्रश्न होता.

मामांनी काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका कंपनीची नवी पेटी बसवली, ॲपवर चालणारी. मी ती पाहायला मोटरघरात गेलो. पत्र्याचं छप्पर, भिंतीवर तेलकट हातांचे ठसे, स्टार्टरच्या शेजारी तळहाताएवढी पांढरी पेटी, तिचा अँटेना रेंजसाठी वायरनं खिडकीच्या गजाला बांधलेला. आत सिमकार्ड. एक हिरवा दिवा लुकलुकत होता. घरी बसून मामींनी मोबाइलवर बोट टेकवलं आणि दोन किलोमीटरवर मोटर घुमली. त्या क्षणी मामांच्या चेहऱ्यावरचं समाधान मी विसरणार नाही.

दोन हंगामांनी ती कंपनी बंद पडली. तिचा सर्व्हर थांबला आणि मोबाइलमधलं ॲप गोल गोल फिरत राहिलं. पेटी शाबूत होती, सिम चालू होतं, मोटर ठणठणीत होती, पण मधला अडत्याच दुकान मिटून गेला होता. मामांनी पुन्हा बॅटरी उचलली. यंत्र विकत घेताना आपण पत्र्याचे आणि तांब्याचे पैसे देतो. त्या यंत्राचं बोलणं मात्र दुसऱ्याच कुणाच्या तरी दूरच्या संगणकावर अवलंबून असतं. पेटी विकणाऱ्यानं ती किती वर्षं बोलती राहील, याची लेखी हमी द्यावी आणि सर्व्हर बंद झाला तरी साध्या फोनवर किंवा एसएमएसवर मोटर चालेल अशी सोय ठेवावी. शेतकऱ्याचा हा हक्क अजून कुठल्या पावतीवर छापलेला नाही. नेटवर्कची पिढी बदलते तेव्हाही हेच होतं. जुन्या पेट्या टूजीवर चालतात. ज्या कंपनीचं जाळं फोरजीपासूनच सुरू झालं तिचं सिम त्यांत चालत नाही.

आणखी एक गोष्ट मोटरघरातच कळते. वीज आली की मोटर आपोआप सुरू व्हावी म्हणून अनेकजण ऑटो स्विच लावतात. लाइट आल्याबरोबर शिवारातल्या सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात, भार एकदम वाढतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. मग आठ-आठ दिवस सगळ्यांचाच ऊस वाळतो. म्हणून ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा, असं आवाहन महावितरण वर्षानुवर्षं करतं. इथं जोडलेल्या यंत्रांची खरी हुशारी कामी यावी. एका ट्रान्सफॉर्मरवरच्या मोटारींनी ओळीनं, मिनिटा-मिनिटाच्या अंतरानं उठावं. पाटाच्या पाण्याची पाळी गावानं शतकानुशतकं अशीच लावली आहे. पाळी धरणं ही आपली जुनीच रीत, ती यंत्रांना शिकवायची आहे.

पानावरचं पाणी

सांगली जिल्ह्याच्या पूर्वेला चित्र पालटतं. तासगाव, कवठेमहांकाळ, मिरज, जत हा द्राक्षाचा मुलूख. 'तास-ए-गणेश' या वाणाच्या नावात तासगाव कायमचं कोरलं गेलं आहे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे. इथला बागायतदार ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर जी झोप गमावतो, ती मण्यांत पाणी भरेपर्यंत परत येत नाही.

त्याचा शत्रू दावण्या. या रोगाच्या बीजाणूला पानावर काही तास ओलावा हवा असतो. पाऊस न पडताही नुसत्या धुक्यानं किंवा दवानं तेवढा ओलावा मिळतो. म्हणून बागेतल्या नव्या यंत्रांमध्ये एक मला फार आवडतं. वेलीच्या उंचीवर, पानांच्या दाटीत, पानाच्याच आकाराची एक पट्टी लावलेली असते. तिच्यावर दव साचलं की तिच्यातून जाणारा विद्युत संकेत बदलतो. पान किती वाजता ओलं झालं आणि किती तास ओलं राहिलं, हे ती सांगते. त्याला तापमान आणि आर्द्रता जोडली की सर्व्हरवरचं गणित रोगाचा धोका काढतं आणि बागायतदाराला संदेश जातो. पुण्याजवळ मांजरी इथलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र हवामान आणि रोग यांच्या या नात्यावर काम करतं आहे.

पूर्वी ढग दिसला की फवारणी, शेजाऱ्याचा ब्लोअर ऐकू आला की आपलीही फवारणी, असं चालायचं. भीतीपोटी मारलेल्या प्रत्येक फवारणीचा खर्च असतो आणि औषधाचा अंशही मण्यात उतरतो. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाच्या अंशावरून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडले, ती आठवण जुन्या निर्यातदारांना अजून टोचते. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंद, तिची अंश तपासणी आणि पेटीपर्यंतचा माग शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या अपेडा या संस्थेच्या 'ग्रेपनेट' या इंटरनेट प्रणालीत ठेवला जातो. युरोपातल्या दुकानातली पेटी कोणत्या बागेतली, हे त्यावरून शोधता येतं. पानावरच्या ओलाव्याचा खरा आकडा हाती असेल तर नको ती फवारणी टळते. शेतकऱ्याचे पैसे वाचतात, खाणाऱ्याची काळजी कमी होते.

पण हवामानाचा आकडा हुकला तर काय होतं, तेही याच बागेत दिसतं. राज्यात २०१७ पासून 'महावेध' प्रकल्पाखाली महसूल मंडळनिहाय दोन हजारांहून अधिक स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. हवामानावर आधारित फळपीक विम्यात, गारपिटीसारखे अपवाद सोडले तर, बागेत येऊन नुकसान पाहिलं जात नाही. मंडळातल्या केंद्रावर नोंदलेला पाऊस किंवा तापमान ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेलं की भरपाई लागू होते. पाऊस मात्र मंडळाच्या हद्दी पाळत नाही. एका ओढ्याच्या अलीकडे धो धो आणि पलीकडे धूळ, हे आमच्या पूर्व भागात नेहमीचं. केंद्राच्या डब्यात पान-कचरा अडकला, आडोशाला झाड वाढलं, बॅटरी उतरली, तर शेकडो बागांचं नशीब त्या एका वाटीच्या कलंडण्यावर टांगलेलं असतं. म्हणून केंद्राची निगा, त्याची जागा आणि त्याचे आकडे गावाला उघडे असले पाहिजेत. ज्या आकड्यावर माझे पैसे ठरतात, तो मला त्याच दिवशी पाहता यायलाच हवा.

भिलवडीच्या गोठ्यात

कृष्णाकाठी पलूस तालुक्यात भिलवडी आहे. १९३९ साली भास्कर गणेश चितळे यांनी इथं दुधाचा व्यवसाय उभा केला. त्या चितळे डेअरीनं गेल्या दशकाच्या सुरुवातीला म्हशींच्या कानांत आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी ओळख सांगणारे बिल्ले, बसवायला सुरुवात केली. त्यांच्या माहितीचा साठा गावातल्याच संगणक केंद्रात ठेवला आणि त्यावरून शेतकऱ्यांना चाऱ्याविषयी, लसीकरणाविषयी एसएमएस पाठवले. माहिती तंत्रज्ञानातल्या मोठमोठ्या कंपन्यांनी या कामाची उदाहरणं जगभर सांगितली.

आता सरकारी पिवळा बिल्ला तर जवळपास प्रत्येक गोठ्यात दिसतो. त्यावर बारा अंकी क्रमांक असतो. लस टोचली, रेतन केलं, विक्री झाली की त्या क्रमांकापुढं नोंद व्हावी, अशी योजना आहे. शेतकऱ्याचा प्रश्न इथंही साधा असतो. म्हैस माजावर आली का? आज दूध का घटलं? माज एकदा हुकला की तीन आठवडे गेले, आणि तेवढ्या दिवसांचा चारा फुकट गेला. कानातला बिल्ला जोवर नुसता सरकारी क्रमांक आहे, तोवर तो शेतकऱ्याला परका. त्या क्रमांकावरून त्याच्या म्हशीची तारीख त्याला सांगितली गेली की तो बिल्ला त्याचा होतो.

शेजारी बारामतीत ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनं उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केला, आणि २०२५ साली राज्यानं शेतीतल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी ५०० कोटी रुपयांच्या तरतुदीचं स्वतंत्र धोरणही मंजूर केलं. पैसा येईल, यंत्रं येतील. त्यांच्याकडून काय मागायचं, ते आपण ठरवलेलं असावं.

एकाच काठावरचे अनोळखी

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ चा ५३ फुटांवरचा पूर ज्यांनी पाहिला होता, त्यांनी त्याच अंदाजानं सामान ठेवलं होतं. पाणी त्या अंदाजाच्याही वर चढलं. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये नाव उलटली आणि सुटकेसाठी निघालेली माणसं गेली. पुरातून सावरतोय तोवर ऑक्टोबर-नोव्हेंबरात अवकाळी आला आणि द्राक्षांवर दावण्या पसरला. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस कोसळला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं डोंगर खचून घरं गाडली गेली. सांगलीत पाणी पुन्हा ५४ फुटांच्या वर गेलं. पाऊस मोजणारं यंत्र होतं, पण दरड कुठं सुटेल हे त्या वाड्यांना वेळेवर सांगणारं काही नव्हतं.

या पुरांनी मला एक गोष्ट दाखवली. धरणातून विसर्ग वाढणार असला की प्रशासन सांगतं, नदीकाठच्या मोटारी काढा, जनावरं हलवा. मामांची मोटर नदीकाठी आहे आणि तिच्या पेटीत सिम आहे. नदीची पातळी सांगणारं रडार काही किलोमीटरवर पुलाला टांगलेलं आहे आणि त्याच्याही पेटीत सिम आहे. भिलवडीच्या म्हशीच्या कानात क्रमांक आहे. तिन्ही एकाच नदीच्या काठावर, आणि तिन्हींची एकमेकांशी ओळख नाही. रडारचा आकडा जलसंपदाकडे, मोटरची पेटी कंपनीकडे, बिल्ला पशुसंवर्धनकडे. मोटर किती फुटांवर बुडते, हे मामांनी एकदा सांगून ठेवलं तर नदीचा अंदाज त्या फुटाजवळ जाताच बारा तास आधी त्यांचा फोन वाजू शकतो. हे आजच्या तंत्रज्ञानाला अजिबात कठीण नाही. फक्त तीन कचेऱ्यांनी आपापल्या खिडक्या एकमेकींसाठी उघडायच्या आहेत.

त्यातही एक काळजी हवी. पुरात वीज आधी जाते, मग टॉवरची बॅटरी उतरते आणि सगळ्यात जास्त गरज असते त्याच रात्री मोबाइल मुका होतो. २०१९ मध्ये पाणी चढलं त्या रात्री गल्लीतली पोरं दारोदार हाका मारत फिरली. म्हणून इशारा लवकर हवा, रेंज असतानाच हवा, आणि शेवटच्या टप्प्यासाठी देवळावरचा भोंगा, गावातला तरुण, होमगार्ड यांची साखळीही तितकीच पक्की हवी. यंत्रानं माणसाला वेळ मिळवून द्यायचा. हात धरून बाहेर काढायचं काम माणसांनाच करावं लागतं.

आमच्या घरात दरवाज्याच्या सागवानी चौकटीवर वडिलांनी पेन्सिलीनं ओढलेली रेघ आहे, खांद्याएवढी उंच. तिच्यापुढं २००५ लिहिलंय. त्याच्या थोडी वर २०२१. तिसरी रेघ चौकटीवर मावली नाही. ती भिंतीवर आहे, तुळईच्या जरा खाली, आणि ती ओढायला मला स्टुलावर चढावं लागलं. २०१९. चौकटीच्या तळाशी, उंबऱ्याला लागून, आईच्या अक्षरात एकच आकडा आहे, ४८.

कृष्णेच्या काठावर अशी हजारो घरं आहेत आणि प्रत्येकाच्या उंबऱ्याला असा एक आकडा आहे. नदीचं सगळ्यात अचूक मापन तिथं लिहून ठेवलेलं आहे. उपग्रहापर्यंत पोचलेल्या त्या साखळीचा शेवटचा दुवा इथं, या पेन्सिलीच्या रेघेपाशी जुळायचा आहे. हा आकडा टिपून घ्यायला अजून आमच्या दारात कुणी आलेलं नाही. येईल तेव्हा आई त्याला चहा करील आणि आधी विचारील, "आज किती फुटावर आलं?"